किल्लीवाला स्वतःच्या पायांनी चौकीत गेला

आमच्या गल्लीत कुणाची वाटी हरवली तरी लोक आधी किल्लीवाल्याकडे बघत. सीमेपलीकडून आलेला, त्यात धंदा कुलपं उघडण्याचा. संशयाला आणखी काय लागतं? त्याचं दुकान माझ्या शिलाईच्या दुकानाला लागून, मध्ये फक्त एक पत्रा. बारा वर्षांत त्याने कुणाची टाचणी उचलली नाही. राहण्याचा परवाना दरवर्षी नवा करावा लागे. तो महिना जवळ आला की नवराबायकोच्या घशाखाली घास उतरत नसे.

नेमक्या त्याच महिन्यात समोरच्या शिक्षिकाबाईंचे दागिने गेले. दार न फोडता. हवालदार म्हणाला, "तारेने उघडलंय. हे बाहेरच्यांचंच काम."

बाईंनी नवं कुलूप बसवायला किल्लीवाल्यालाच बोलावलं. जुनं त्याने दुकानात आणून माझ्यासमोर खोललं.

"मास्तर, तार घातली की आतल्या पितळेवर ओरखडे उठतात. इथे एकही नाही. हे घरातल्याच किल्लीने उघडलंय."

"तुला कुणी विचारलंय? गप्प बस," मी म्हणालो.

पण कारागिराची खोड. ते कुलूप फडक्यात बांधून तो चौकीत समजावायला गेला. साहेबाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारेने कसं उघडतात, हे तुला बरं माहीत?" आणि त्याला तिथेच बसवून ठेवलं.

संध्याकाळी त्याची बायको आली. "मास्तर, तुम्ही इथले. चोरी झाली त्या दुपारी ते तुमचंच शटर दुरुस्त करत होते. एवढंच सांगा ना." खरंच होतं ते. मी चौकीच्या पायरीपर्यंत गेलो आणि नसतं लचांड नको म्हणून माघारी फिरलो. माझी मलाच किळस आली, तरी फिरलो.

तिसऱ्या दिवशी बाईंकडेच राहणारा त्यांचा भाचा दागिने विकताना सापडला. गल्ली हळहळली, पोरगं वाईट संगतीला लागलं म्हणे. हे इथल्यांचंच काम, असं कुणी म्हणालं नाही.

किल्लीवाला सुटला. परवान्याच्या अर्जात प्रश्न होता: वर्षभरात पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं का? त्याने खरं ते लिहिलं. अर्ज नामंजूर झाला. महिन्याभरात देश सोडायचा.

तेव्हा कुठे मी जबाब लिहून त्याच्यासोबत कचेरीत गेलो. कारकुनाने कागद वाचून परत सरकवला. "आता काय उपयोग? तेव्हाच का नाही सांगितलंत?"

मी कागद उचलून त्याची घडी घालू लागलो.

"मला चौकीत बसवलंय हे त्यांना माहीत नव्हतं साहेब," किल्लीवाला म्हणाला. "मीच सांगितलं नव्हतं."