साहेब आले की काटा गप्प

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. बारामतीला बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटर विषय घेऊन, रोज एसटीनं ये-जा करून. हे मी तेव्हा कुणी न विचारताही सांगायचे, आजही सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंदापूर तालुक्यातल्या ज्या साखर कारखान्याच्या गोदामात वडील पोती उचलायचे, त्याच कारखान्याच्या ऑफिसात मला तात्पुरतं घेतलं. कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हंगाम सुरू व्हायच्या आत काट्यावरचं वजन वायरीनं थेट ऑफिसच्या कॉम्प्युटरवर दिसलं पाहिजे. दिसलं तर कायमची ऑर्डर. नाही दिसलं तर तुमचा मार्ग तुम्ही बघा."

काटा म्हणजे उसानं भरलेला ट्रॅक्टर ट्रॉलीसकट तोलणारा वजनकाटा. त्याच्या खोलीत लाल आकडे दाखवणारा नवा डबा आला होता. पुण्याचा माणूस तो बसवून गेला. वजनमापे खात्याचे निरीक्षक त्याला शिशाचं सील ठोकून गेले. मागं राहिली वायर आणि मी.

वायरीवरच्या प्रत्येक यंत्राला एक नंबर असतो. कॉम्प्युटरवरून त्या नंबरला हाक मारली की त्या यंत्रानं ओ द्यायची, एवढंच मला ठाऊक. डब्याचा नंबर एक, असं पुण्याचा माणूस सांगून गेला होता. मी सकाळी लवकर येऊन एक नंबरला हाक मारली, डब्यानं ओ दिली. मळीचा टँकर काट्यावर चढला आणि त्याचं वजन माझ्या पडद्यावर उमटलं. मला वाटलं, झालं की काम.

अकराच्या सुमाराला वजन गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, पुन्हा गेलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकलं. मग पुढं रोज अकराला गायब. मी वायरीची टोकं बदलली. उंदरांनी कुरतडली म्हणून वायर पत्र्याच्या पाइपातून घेतली. बावड्याकडचे ट्रॅक्टर दणदणत जातात, त्यानं सांधा हलत असेल म्हणून वायर वरून नेली. काही उपयोग नाही. आणि सगळ्यात चक्रावणारी गोष्ट म्हणजे, वजन गेलेलं असतानासुद्धा एक नंबर हाकेला ओ देत होता. ओ देतोय, पण वजन देत नाही. हा काय प्रकार, मला कळेना. पुस्तकात असलं काही नव्हतं.

काट्यावर एक तात्या होते, जन्म तिथंच गेलेला. ते चहा पिता पिता सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, डब्यात काय खोट न्हाय. साहेबाची गाडी गेटातनं आत आली की काटा गप्प हुतोय. त्यो साहेबाला भितोय."

सगळे हसले. दुपारपर्यंत ते गोदामात पोचलं. घरी वडील एवढंच म्हणाले, "लोकं काय बी बोलत्यात. तू तुजं बग." पण ते माझ्याकडं न बघता म्हणाले.

हंगामाची पूजा तोंडावर आली. एका दुपारी मी ऑफिसातून काट्यावर फोन लावला.

"तात्या, डब्याची वायर काढा."

"काढली."

मी एक नंबरला हाक मारली. ओ आली.

"तात्या, नक्की काढलीय ना?"

"हातात धरून उभा हाय. गळ्यात घालू का आता?"

वायर तात्यांच्या हातात, आणि डबा ओ देतोय. मग ओ देतंय कोण? मी शेजारच्या टेबलाशी गेले. तिथं चीफ अकाउंटंट बसायचे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरांना नंबर त्यांनीच घालून घेतले होते, मी यायच्या आधी.

"सर, एक नंबर कुणाला दिलाय?"

"कुणाला म्हणजे?" ते चष्म्यावरून बघत म्हणाले. "साहेबांना. दोन मला. मग शेतकी अधिकारी. नंबर मानानंच द्यायचे असतात."

साहेब आले की त्यांचा कॉम्प्युटर चालू व्हायचा आणि डब्याला मारलेली हाक तिकडं जायची. दोघांचा नंबर एकच. डब्याचा बदलावा तर त्याची बटणं आत, सीलच्या मागं. सील तोडलं की निरीक्षक पुन्हा येईपर्यंत काटा बंद. म्हणजे एक नंबरवरून उठवायचं तर साहेबांनाच.

मी आत गेले. अकाउंटंटही मागोमाग आले. मी सांगितलं, "साहेब, तुमचा आणि काट्याचा नंबर एकच पडलाय. तुमचा काट्याला द्यावा लागेल."

"रिकामा नंबर सगळ्यात शेवटचा आहे," अकाउंटंट घाईनं म्हणाले. "हजेरीच्या टाइम ऑफिसच्याही खाली. साहेबांना तिथं बसवणार?"

साहेबांनी पडद्याकडं बघितलं. "अधनंमधनं इथं एक चौकट येते इंग्रजीत. मी ओके दाबतो. सगळ्यांनाच येत असेल म्हटलं. ती याचीच तक्रार का?"

"हीच असणार," मी म्हटलं. खरं तर मला खात्री नव्हती.

"नंबर बदलला तर माझ्या फायली जातील?"

"नाही."

"मग बदला. ऊस माझ्या खोलीत तोलत नाहीत."

पूजेच्या दिवशी पहिल्या ट्रॉलीचं वजन पडद्यावर आलं, तेव्हा साहेबांचा कॉम्प्युटर चालूच होता. वजन गेलं नाही. हंगामात ऑर्डर हातात पडली. सुरुवातीच्या त्या तिसऱ्या दिवशी मात्र साहेब ऑफिसात असूनही वजन संध्याकाळपर्यंत कसं टिकलं, हे मला आजतागायत समजलेलं नाही.

ऑर्डर घरी नेली. वडिलांनी ती उलटी-सुलटी करून बघितली आणि नेमकं काय बिघडलं होतं ते विचारलं. मी दोनदा समजावलं.

"म्हंजी साहेबाला उठवून तितं काट्याला बसवलं?"

"व्हय."

"आणि तुला न्हाय उठवलं?"

"न्हाय."

"मग जेव," ते म्हणाले आणि भाकरीची टोपली माझ्याकडं सरकवली.