वापरात असलेला एक संडास

दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून मी तीस वर्षे इतरांच्या घरांवर जप्तीचे हुकूम नेऊन पोहोचवले. निवृत्त झाल्यावर मात्र स्वतःच्या घरात पाण्याचा थेंब आणता येईना, ही गोष्ट मला अपमानास्पद वाटली आणि आजही वाटते.

आमची गल्ली तालुक्याच्या गावाच्या अगदी कडेला, सहा घरांची. नगरपरिषदेचा पाइप चौकापर्यंत येई आणि तिथे थांबे. पुढचे पाणी जिनिंग कारखान्याजवळच्या हातपंपावरून आणावे लागे. पत्नीचे गुडघे गेल्यापासून ते काम माझ्याकडे आले होते. दोन्ही हातांत बादल्या घेऊन जाणाऱ्या निवृत्त नाझराला जुने पक्षकार नमस्कार करीत, आणि मला तो परत करता येत नसे.

अशात नगरपरिषदेने एका योजनेखाली सहाही घरांच्या परसात संडास बांधून दिले. पक्के छत, लोखंडी दार, भक्कम कडी. पाणी तेवढे दिले नाही. मी पत्र लिहिले. उत्तर आले की, ज्या गल्लीतील संडास तपासणीत वापरात आढळतील, तिथेच नळ मंजूर होईल. मी विचारले, पाण्यावाचून वापर कसा करावा? त्यांनी विचारले, वापरावाचून पाणी कसे द्यावे? हा पत्रव्यवहार दोन वर्षे चालला. त्यात दोन्ही पक्षांचे म्हणणे शेवटपर्यंत जसेच्या तसे राहिले.

त्या वर्षी कापसाचे भाव कोसळले होते आणि खरेदी केंद्राचे फाटक बंद होते. कापूस विकता येईना आणि घरात ठेवायला जागा उरेना. प्रत्येक घरी कोरडी, उंदरांपासून सुरक्षित आणि कुलूप लावता येईल अशी एकच खोली होती. दिवाळीनंतर महिन्याभरात सहाही संडास छतापर्यंत कापसाने भरले. बोरी अरबहून माझ्या मेहुण्याचा कापूस आला आणि मला न विचारता आमच्या संडासात गेला.

"हा शासकीय निधीचा दुरुपयोग आहे," मी पत्नीला सांगितले.

"मंग काय माह्या भावानं तुमच्या डोक्यावर ठेवावा?" ती म्हणाली. "त्या खोलीत कोनी जाते तरी काय?"

आणि नेमकी तेव्हाच तपासणीची नोटीस आली. यवतमाळहून साहेब येणार होते. त्यांनी होकार दिला तर नळ. नाही तर माझ्या बादल्या मरेपर्यंत माझ्याच.

माझ्या ओसरीवर बैठक झाली. गल्लीच्या तोंडाशी, चौकाकडच्या घरात, मोटारपंप दुरुस्त करणारे मिस्त्रीभाई राहत. त्यांनी तोडगा मांडला. "एक खोली खाली करा. साहेबानं ते पाह्यली का बाजूवाल्याचा माल तिच्यात. मंग त्याच्या बाजूवाल्याचा त्याच्यात. खाली खोली साहेबासंगं चालत राह्यते."

"तेवढा टाइम साहेब देईन काय?" माझ्या पत्नीने विचारले.

"टाइमची फिकर कायले करता, भाभी? नाझरसाहेबाले बोलाले लावा. त्याईचं बोलनं आजवर कोनाच्यानं संपलं नाही."

मी आक्षेप नोंदवला. मग नोटीस पुन्हा वाचली. तीत 'तपासणीच्या वेळी रिकामे व स्वच्छ' असे शब्द होते. तपासणीनंतर काय असावे, यावर ती गप्प होती. तेव्हा मीही गप्प राहिलो.

तपासणी गल्लीच्या आतल्या टोकाला, माझ्या घरापासून सुरू झाली. मेहुण्याचा कापूस पहाटेच माझ्या लिहिण्याच्या खोलीत, फायलींवर रचला गेला होता. साहेबांनी रिकामा संडास पाहिला, माझ्या घराच्या शिस्तीची तारीफ केली आणि आम्ही दुसऱ्या घरी गेलो. तिथे पुढच्या खोलीत त्यांना चहा दिला गेला आणि मी त्यांना गावाच्या पाण्याचा इतिहास सांगू लागलो. तेवढ्यात मागे परसातल्या कमरेएवढ्या भिंतींवरून बायकांनी गाठोडी सरकवली. प्रत्येक घरी हेच. प्रत्येक घरी चहाही, कारण एका घरचा घेऊन दुसऱ्या घरचा नाकारणे आमच्याकडे अपमान समजतात.

चौथ्या घरी साहेबांनी बाहीवरचा कापूस झटकला. "इथे गाद्या भरायचा कारखाना आहे का?"

"हवेत कापूस असणे हे या जिल्ह्याचे लक्षणच आहे," मी उत्तर दिले. हे विधान मी शपथेवरही करू शकलो असतो.

मिस्त्रीभाईंच्या घरी तपासणी संपली. साहेबांनी सहावा चहा घेतला, पेन उघडले आणि पुन्हा बंद केले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "जरा जाऊन येतो. तुमच्याकडचाच बरा."

"तो सध्या न्यायप्रविष्ट आहे," मी म्हणालो. माझ्या आयुष्यातले हे एकमेव खोटे विधान होय. ते तोंडी असल्याने त्याची नोंद नाही.

तोवर साहेब निघाले होते. त्यांनी माझ्या परसातली कडी काढली आणि शेजाऱ्याचा कापूस त्यांच्या गुडघ्यांपर्यंत आला. त्यांनी कापसाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. पण रागवायला त्यांच्याकडे वेळ नव्हता. गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून मिस्त्रीभाईंनी हाक दिली, "साहेब, इकडं या. हा खाली आहे."

साहेब धावले. दार लागले. काही वेळाने आतून आवाज आला, "पाणी?"

कापसाला पाणी लागत नाही, त्यामुळे हा विचार कोणीच केला नव्हता.

"पानी तं समदं चायमधी गेलं," मिस्त्रीभाईंची पत्नी हळूच म्हणाली.

मिस्त्रीभाई सायकलला कॅन अडकवून हातपंपाकडे गेले. आणि माझ्या लक्षात आले की, दोन वर्षांत प्रथमच संबंधित अधिकारी माझे पत्र पूर्ण ऐकण्याच्या स्थितीत आहेत. मी खिशातून प्रत काढली.

"साहेब, ऐकू येते ना?"

"येते. पाणी आणा."

"आणायला गेले आहेत. कलम एक. आमच्या आजोबांच्या काळी गाव नदीतल्या झिऱ्याचे पाणी पीत असे. कलम दोन. पुढे जिनिंगची विहीर आली. कलम तीन. त्यानंतर नगरपरिषदेने टाकी बांधली आणि चौकाचौकांत सार्वजनिक नळ दिले. कलम चार. टोपलीचे संडास बंद झाले, हे योग्यच झाले, परंतु—"

"पुढचं वाचू नका."

"आपली सध्याची परिस्थिती कलम नऊमध्ये आहे."

"अवो, त्याले बसू तं द्या सुखानं," मागून पत्नी म्हणाली.

कलम चौदाला पाणी आले. साहेब बाहेर आले, त्यांनी कागदावर काही लिहिले आणि ते जीपमध्ये बसले.

महिन्याभराने मी अहवालाची प्रत मागवली. त्यात होते: 'सहांपैकी एक संडास वापरात असल्याची निम्नस्वाक्षरीकर्त्याने स्वतः खात्री केली. पाण्याची अत्यंत निकड आहे.' या अहवालावरून नळ मंजूर झाला. चौकातून पाइप मिस्त्रीभाईंच्या दारापर्यंत आला आणि तिथेच थांबला, कारण वापर त्यांच्याकडेच सिद्ध झाला होता. आदेश नियमाला धरून होता. मी त्या खुर्चीत असतो तर हेच केले असते, आणि म्हणूनच त्या रात्री मला जेवण गेले नाही.

नळाला पाणी आले त्या सकाळी मिस्त्रीभाईंनी दुकानातल्या रबरी नळ्या सायकलच्या ट्यूबने एकमेकींना बांधल्या आणि पाच परसांच्या भिंतींवरून माझ्या घरापर्यंत आणल्या. ही अनधिकृत जोडणी आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

"मालूम आहे," ते म्हणाले. "टोक धरा."

मी टोक धरले. रांजण भरेपर्यंत धरून उभा राहिलो. याबाबत मी आजपर्यंत कोणत्याही कार्यालयास पत्र लिहिलेले नाही.