निळ्या डब्यातलं ऑइल

कूनूनं आयुष्यात एकही डबा फेकला नव्हता. दुधाचा डबा, जॅमची बरणी, रॉकेलचा कॅन, सगळं धुऊन, पुसून पडवीत उपडं घातलेलं. ही काटकसर कधीच रोगाच्या वळणावर गेली होती, पण चौपन्न वर्षांच्या बाईला ते सांगणार कोण?

तिचं लहानपण उत्तर ध्रुवाकडच्या या गावापासूनही दूर, बापाच्या शिकारी तळावर गेलं. तिथे चहाची पत्ती तीनदा उकळत. बाप उन्हाळ्यात बोटीच्या इंजिनाला जे टू-स्ट्रोक ऑइल घालायचा, तेच हिवाळ्यात बर्फगाडीला. पेट्रोलच्या कॅनमध्ये अंदाजानं ओतायचं, कॅन मांडीवर घेऊन खळाखळा हलवायचा, झालं. त्याची गाडी कधी अडल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यामुळे तिचा नवरा इपीली दर हिवाळ्यात बोटीच्या ऑइलच्या तिप्पट किमतीच्या, थंडीसाठीच्या खास ऑइलचा निळा डबा घ्यायचा, तेव्हा तिचा जीव खालीवर व्हायचा. ऑइल ते ऑइल, असं तिचं ठाम मत.

जानेवारीच्या शेवटी इपीलीनं तिलाच ऑइल आणायला पाठवलं. दुकानात दुधाच्या पावडरीचे दोनच डबे उरले होते आणि पुढचं विमान कधी उतरेल ते वाऱ्याच्या मर्जीवर. घरात आठ महिन्यांची नात. तिला इपीलीच्या वारलेल्या आईचं नाव दिलेलं, म्हणून रीतीप्रमाणे इपीली तिला आई म्हणायचा आणि कूनू सासूबाई. सासूबाई दोन दिवस भुकेनं किरकिरत होत्या. पैसे एकालाच पुरणार होते. कूनूनं दूध घेतलं. घरी येऊन उन्हाळ्यातलं उरलेलं बोटीचं ऑइल गेल्या वर्षीच्या रिकाम्या निळ्या डब्यात ओतलं. दोन्हींचा रंग निळाच. आणलंस का, असं इपीलीनं विचारलं तेव्हा तिनं डब्याकडे बोट दाखवलं. खोटं एक अक्षर बोलली नाही.

शुक्रवारी सकाळी, उणे चव्वेचाळीस अंशांत, त्याच डब्यातून गाडीची ऑइलची टाकी भरून तो दोन कानांच्या डोंगराकडे कॅरिबू हरणांच्या शिकारीला गेला. जाताना लांब तळ्यावरच्या झोपडीत मुक्काम करणार होता, येताना गोठलेल्या समुद्रावरून सरळ. रविवारी दुपारी पोचायला हवा होता. आता सोमवारचे बारा वाजले होते. त्याच्या रेडिओचा आवाज टेकड्यांपलीकडून गावात येत नसे.

गावातल्या प्रत्येक घरात असाच एक रेडिओ दिवसभर सुरू असतो, सगळ्यांचा एकाच चॅनेलवर. सील कुणी आणला, कुणाचा कुत्रा सुटला, सारं सगळ्यांना एकदम कळतं. त्या दिवशी त्यावर फक्त शोधाची बोलणी चालली होती. इपीलीचा चुलतभाऊ मुक्पा दोघांना घेऊन निघाला होता. बर्फगाडीमागे ओढायच्या घसरगाडीवर मावतं तेवढ्या पेट्रोलात आज एकच दिशा धुंडाळता येणार होती, आणि उजेड जेमतेम तीन तासांचा. ते समुद्रावरून थेट डोंगराकडे चालले होते. त्यांना तिकडे धाडलं होतं कूनूच्या थोरल्या नणंदेनं, उयारासुकनं. माझा भाऊ मशीन जपणारा, ऑइलमध्ये चिकटपणा करत नाही, त्याची गाडी बंद पडायची नाही, हरणांच्या मागे लांब गेला असणार, असं ती सकाळपासून ऐकवत होती. चिकटपणा या शब्दावर ती जरा थांबायची. तो टोमणा कुणाला होता ते गावाला ठाऊक होतं.

कूनू पडवीत गेली. बोटीच्या ऑइलच्या जुन्या कॅनच्या तळाशी थोडं उरलं होतं. तिनं कॅन उपडा केला. काही पडेना. तिनं तो गदागदा हलवला, भिंतीवर आपटला. आत थिजलेल्या तुपासारखा गोळा तळाला चिकटून बसला होता. ती तशीच उभी राहिली, हातमोजे न घालता, बोटं बधिर होईपर्यंत.

आत येऊन तिनं रेडिओचा माइक उचलला. ठेवला. बोलावं तर अख्खं गाव ऐकणार, आणि वन्सं ऐकणार. न बोलावं तर मुक्पा डोंगरावर पोचेल, तिथे कुणी नसेल, आणि इपीलीकडे चुलीचं इंधन रविवारपर्यंतचंच होतं. सासूबाई बाटली चोखत तिच्याकडे टक लावून बघत होत्या. तिनं पुन्हा माइक उचलला.

"अत्सियाककाका, ऐकताय का?"

अत्सियाक म्हणजे गावचा म्हातारा मेकॅनिक. "बोल, पोरी."

"त्याच्या गाडीत बोटीचं ऑइल आहे."

"डबा तर निळा होता. मी पाहिला जाताना."

"डबा निळा. आत बोटीचं. मी भरलं. त्याला माहीत नाही."

मग म्हाताऱ्यानं विचारलं, डबा कुठे होता, टाकी कधी भरली. रात्रभर चुलीपाशी, तिनं सांगितलं, आणि निघताना भरली.

"तुझ्या बापाच्या गाडीला पंप नव्हता, कूनू. तो पेट्रोलमध्येच कालवायचा. हिला पंप आहे, आणि थिजलेलं ऑइल पंपाला ओढवत नाही." तो हळूहळू, हिशेब मांडल्यासारखा बोलत होता. "पहिल्या दिवशी इंजिनाच्या उबेवर चालली असेल. मुक्कामात गारठली. शनिवारी सकाळी सुरू झाली असेल, नळीत होतं तेवढं संपेपर्यंत पळाली असेल. दहा किलोमीटर, फार तर पंधरा. मग पिस्टन जाम. मुक्पा, डोंगर सोडा. झोपडीच्या पुढे बघा."

मुक्पाच्या मागे इंजिनं घरघरत होती. "आम्ही वीस किलोमीटर आलोय, काका. आता वळलो तर डोंगर उद्यावर जातो. नक्की ना?"

"मला काय विचारतोस? कूनूला विचार."

कूनूनं माइक तोंडाशी नेला. "आत्ता उरलेलं उपडं करून पाहिलं. थेंब पडत नाही. वळा."

घरघर दूर गेली. मग उयारासुकचा आवाज आला, खालच्या पट्टीतला.

"नवीन का नाही घेतलंस?"

"दूध घेतलं, वन्सं."

"कुणाला?"

"सासूबाईंना."

रेडिओवर पुन्हा खट्ट झालं.

"तो गेला तर तुझ्या दारात पाऊल ठेवायची नाही मी," उयारासुक म्हणाली. मग, "आईला पाजलंस?"

"हो."

"ढेकर काढ तिची. दरवेळी विसरतेस."

तीन वाजता उजेड गेला. चार वाजले, पाच वाजले. शेजारणी येऊन बसल्या, कुणी गोठलेला मासा कापून ठेवला, कुणीच खाल्ला नाही. कूनू मनात दहा किलोमीटर मोजायची, पंधरा मोजायची, आणि पुन्हा झोपडीपाशी यायची.

सहाच्या सुमारास मुक्पा टेकडीवर चढून बोलला. इपीली सापडला होता, झोपडीच्या पुढे बारा किलोमीटरवर, आडव्या घसरगाडीमागे बर्फाची भिंत रचून बसलेला. जिवंत होता. डाव्या पायाची बोटं काळी पडली होती, ती बहुतेक जाणार.

"बोलला का काही?" कूनूनं विचारलं.

"ऑइलचं सांगितलं मी त्याला." मुक्पा अडखळला. "काही बोलला नाही, वहिनी."

पलीकडे उयारासुक रडत असावी. बायकांनी कूनूच्या पाठीवरून हात फिरवला. त्या गेल्यावर ती पडवीत गेली. फळीवर आणखी एक रिकामा निळा डबा होता, धुऊन उपडा घातलेला, पुढच्या खेपेसाठी. तिनं सील सोलायची अर्धगोल सुरी घेतली आणि तो मधोमध कापला. थंडीनं कडक झालेलं प्लास्टिक एका फटक्यात तडकलं. मग तिनं दोन्ही तुकडे दारातून लांब बर्फात भिरकावले आणि घरात येऊन पाणी तापत ठेवलं, त्याचे पाय भिजवायला.