एकोणीस म्हणजे एकोणीस

चंद्रपूरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात रिना खोब्रागडे नऊ वर्षांपासून प्रयोगशाळा सहायक आहे. वडील खुशालभाऊ बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये होते. ती अजूनही तिकडूनच स्कूटीनं येते. मशीनच्या जबड्यात पट्टी धरायची, ताणायची, किती जोराला किती लांबली ते रजिस्टरमध्ये लिहायचं, हे तिचं काम.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजनं हलक्या स्ट्रेचरचं काम घेतलं. गडचिरोलीतल्या ज्या गावांना रस्ता नाही, तिथून आजारी माणसं उचलून आणायला. काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड रेझिनच्या चिकट द्रवात भिजवून, दाबून त्याचा पत्रा करायचा. तो किती ताठ असेल, ते या कामाचे प्रमुख कुलदीप सरांनी कॉम्प्युटरवर काढलं: चोवीस गिगापास्कल. त्यावरून जाडीही ठरून गेली.

रिनाच्या मशीनवर आकडा आला एकोणीस. सहा पट्ट्या ताणल्या, सगळ्या त्याच्याच आसपास.

"तुझी पकड घसरत असेल," सर म्हणाले. "पुन्हा कर. आणि हे पान फाडून टाक."

"पुन्हा करीन सर. पान नाई फाडणार."

पुन्हा एकोणीसच. मग तिनं पत्रा कापला, कड घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. धागे सापासारखे वर-खाली जात होते. सरांच्या गणितात ते सरळ होते. वळलेला धागा ताणला की आधी सरळ व्हायला बघतो. तेवढा पत्रा ढिला पडतो. तिनं एकेका वळणाची उंची मोजली आणि ग्रंथालयातलं पुस्तक घेऊन अकरा दिवस आकडेमोड केली. उत्तर एकोणीसच आलं.

"डिप्लोमावाली मला गणित शिकवणार?" स्टाफरूममध्ये सर सगळ्यांदेखत म्हणाले.

"शिकवत नाई सर, कापड दाखवून राह्यली. यावर माणूस झोपणार हाय. नाल्याच्या मधात पत्रा वाकला तर?" स्टोअरमध्ये जाड धाग्याचं कापड पडून होतं; त्यात धागा आणखी वर-खाली जायचा. तिनं ते टेबलावर टाकलं. "याचा बनवा. तुमचं गणित काय म्हणते?"

"काचेचं प्रमाण तेवढंच असेल तर चोवीस."

"माहं म्हणते सोळा."

दोन्ही आकडे तिनं फळ्यावर लिहिले आणि पत्रा तयार होईपर्यंत कुणाला पुसू दिले नाहीत. चौथ्या दिवशी सगळ्यांसमोर मशीन चालवलं. सोळा पूर्णांक तीन.

सरांनी फळ्यावरचा चोवीस पुसला. मग म्हणाले, "स्ट्रेचरची जाडी वाढवा."

ती स्ट्रेचरं आता एटापल्लीकडच्या गावांत आहेत. अहवालात मात्र रिनाचं नाव नव्हतं. 'प्रयोगशाळेच्या सहकार्याने' एवढंच होतं. ती अहवाल घेऊन थेट प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेली.

"प्रयोगशाळेले हात नसतेत सर. मोजलं मी, गणितही माहं."

पहिलं पान नव्यानं छापलं गेलं. नाव आलं, पण चौथं. वरच्या तिघांपैकी दोघांनी तर मशीनला कधी हातही लावला नव्हता. नाव वर घ्या म्हणून गेल्या महिन्यात तिनं तिसरा अर्ज दिला.