भावजींचा दम

आमच्या धाकट्या दिरांना सुधारण्याची आशा मी सोडली, तेव्हा माझे केस काळे होते. जगात माणसं जगण्यासाठी श्वास घेतात. भावजी हुतुतूसाठी घेतात. मुरबाडकडच्या आमच्या गावात हुतुतूची कबड्डी झाली, मॅट आली, तरी यांच्या तोंडी हुतुतूच. विहिरीवरून घरापर्यंत, या बांधावरून त्या बांधावर, सगळं एका दमात. मी तेव्हा नवी नवरी, स्वतःला फार शहाणी समजणारी. पहाटे दीर पुटपुटत पळताना दिसले आणि माझी खात्रीच पटली, झपाटलंय. लगेच मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. भावजींना ठसका लागला, दम तुटला, आणि गावभर सांगत सुटले, "आमच्या वैनीनं मला एकटीनं बाद केला." झपाटलेलं कोण, ते सासूबाईंनी ओळखलं होतं.

आता भावजी आणि मी, दोघंही आसनगावला, आपापल्या मुलांच्या फ्लॅटात, तिसऱ्या मजल्यावर समोरासमोर. खोकला हटेना म्हणून भावजींना एक्स-रेला नेलं. तिथला माणूस म्हणाला, "श्वास रोखा." यांनी रोखला. "सोडा" म्हणाला, तर सोडेनात. चालत जाऊन दाराच्या चौकटीला हात लावला, मग सोडला. "परक्याच्या अंगणात दम सोडू काय?" फुप्फुसं मात्र पार थकलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, आता सुधारणार नाही, उरलंय ते जपा. जपतील ते भावजी कसले.

सोसायटीत ज्येष्ठांचे खेळ ठरले, लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची. भावजींनी भांडून हुतुतू घ्यायला लावलं. समोर गुडघे बदललेले चार जण. भावजी रेषा ओलांडून गेले आणि मधेच आवाज गेला. ओठ हलतायत, आतून काही येत नाही. समोरचे पकडायचंच विसरले. मला राहवलं नाही, खुर्चीतून मीच सुरू केलं, "हुतुतूतू..." भावजी रेषेपर्यंत परत आले आणि पंचांना म्हणाले, "मी बाद. दुसऱ्याचा दम चालत नाय." मग माझ्याकडे वळले. "वैनी, यो फाऊल हाय. परत करू नको गो."

संध्याकाळी ते अजून जिन्यानंच चढतात. लिफ्ट आहे, पण ती म्हणे म्हाताऱ्यांसाठी. पूर्वी हुतुतू आमच्या दारापर्यंत यायचं. मग दुसऱ्या मजल्यावर तुटू लागलं, हल्ली पहिल्यावरच. मी दार उघडून वरून तेच पुढे चालू ठेवते, तेव्हा कुठे पावलं हळूहळू वर येतात. काल वर येऊन ते शेवटच्या पायरीवर टेकले. मी रोजच्या फाऊलची वाट बघत उभी होते. भावजी काहीच बोलले नाहीत.