गेरू घातलेलं शंखजिरं

नागपूर स्टेशनावर मुंबईची गाडी लागली होती, सासरची मंडळी सामान मोजत होती, आणि माझी माय सगळ्यांदेखत माझ्या तोंडाला पावडर लावत होती. मे महिना. आधीच घामानं निथळत होते, त्यात रडून रडून डोळे सुजलेले. "झालं रडून? मंग पुस आता," म्हणाली, आणि पदरानं तोंड खसाखसा पुसून पावडर कपाळापासून हनुवटीपर्यंत दाबून बसवली. मग तो पितळी डबा माझ्या हातात कोंबला. "तिकडं तुह्या रंगाची भेटन का नाही, कोनाले ठाव."

सुमे, तू धाकटी, मायजवळच राहिलीस. तुला यात नवीन काही नाही. पण माझ्यासारख्या ज्या बाहेर पडल्या त्यांच्यासाठी सांगते. माय इतवारी बाजारातून शंखजिऱ्याचे खडे आणायची, खलबत्त्यात कुटायची, मलमलच्या फडक्यातून वस्त्रगाळ करायची आणि वाळ्याच्या मुळ्यांसोबत डब्यात मुरत ठेवायची. उन्हात तोंडावर जे तेल सुटतं ते हे शंखजिरं पिऊन टाकतं, तोंड कसं कोरडं, नितळ राहतं. पण नुसतं पांढरं लावलं तर आम्हा सावळ्या पोरींचं तोंड राख फासल्यासारखं दिसायचं. म्हणून ती त्यात गेरू घालायची, चिमूटभर हळद घालायची.

गल्लीतल्या प्रत्येक नवरीसाठी वेगळी पावडर. नवरीला आधी अंगणात उन्हात बसवायची. "घाबरू नको वं, आधी घाम येऊ दे." घाम आल्याशिवाय माणसाचा खरा रंग कळत नाही, हे तिचं ठाम मत. मग कानाखाली बोटानं थोडी लावून बघायची. रंग कसा हवा, हे तिनं कधी कुणाला विचारलं नाही. माझ्या वेळी मी मध्येच बोलले, जरा उजळ कर म्हणून, तर केवढी फटकारली! "तुले काय समजते? तू सोताले आरशात पायते, मी तुले उन्हात पायते."

मग इंग्लंडात, लीड्सला. यांची तिथे कारखान्यात नोकरी. तिथे ऊनच नाही तर घाम कुठला? तोंड पापडासारखं कोरडं. मायची पावडर लावली की टिकायची नाही, सगळी कोटाच्या कॉलरवर. खाली कोल्ड क्रीम लावून पाहिलं तर भिंतीला गिलावा केल्यासारखं झालं. दुकानात गेले तर काउंटरवरची पोरगी आयव्हरी दाखवते, पीच दाखवते. म्हटलं, बाई, माझ्याकडे बघ तरी एकदा! तिच्याकडची सगळ्यात गडद डबीसुद्धा माझ्या तळहाताहून फिकी होती. वैताग नुसता.

तरी मी हट्टानं मायचीच वापरत राहिले. आणि दुसऱ्या की तिसऱ्या दिवाळीला, भाड्याच्या हॉलमध्ये सगळी मराठी मंडळी जमलेली असताना, एक पुण्याकडच्या बाई म्हणाल्या, "अगं, गळ्याला लावायची राहिली का?" बाथरूममध्ये जाऊन पाहिलं. तोंड तांबूस, गळा फिका. पावडर तीच होती. मीच उतरले होते, धुवून धुवून विटलेल्या लुगड्यासारखी.

मायला कळवलं, गेरू कमी घाल, मी उजळलेय. तर बाईसाहेबांना वाटलं पोरगी आजारी आहे! उत्तर आलं, "रंग काहून गेला? जेवून राहिली का नाही?" आणि येणाऱ्या कुणाच्या तरी सामानात मेथीचे लाडू आले आणि पावडरीचा नवा डबा, पहिल्यापेक्षाही गडद. पोरीच्या तोंडावर तेज यावं म्हणून गेरू वाढवलेला! मी डोक्याला हात लावला. परत कळवलं. परत तेच. काय करावं या बाईला?

मग मीच करायला बसले. केमिस्टकडची टाल्कम घेतली. गेरू कुठून आणू? कोको घातला. दिवसभर तोंडाला चॉकलेटचा वास, आणि रंग बघायला खिडकीत उभी राहिले तर बाहेर सगळं करडं. शेवटी आरशाच्या भरवशावर अंदाज घेत होते, आणि मायचं ते बोलणं आठवून माझाच मला संताप येत होता.

कितीतरी वर्षांनी नागपूरला आले, तेव्हाही मे महिनाच होता. दारातच सुमे, तू ओरडलीस, "अवं माय, ताई किती गोरी झाली!" शेजारच्या बाया कौतुकानं गालाला हात लावून गेल्या. एकीलाही वाटलं नाही की मला याचा राग येत असेल. गोरी व्हायला गेले होते का मी? मला फक्त मायनं ओळखायला हवं होतं.

मायनं मला हाताला धरून अंगणात नेलं, कानाखाली पावडर लावली, पाहिलं, पुसली. दुसऱ्या बाजूला लावली, पुसली. "म्हटलं होतं ना तुला!" मी चिडून म्हणाले. ती मग खलबत्ता घेऊन खाली बसली, एका वाटीत पांढरं शंखजिरं, एका वाटीत गेरू. चिमटीत गेरू घेतला आणि हात तसाच थांबला. जन्मात कुणाला न विचारलेली गोष्ट तिनं मला विचारली.

"कितीक टाकू वं? तूच सांग."

घर कशाला म्हणतात, हे मला विचाराल तर एवढंच सांगते. जिथे हे विचारावं लागत नव्हतं, ते माझं घर होतं. आता मला माझाच रंग माहीत नव्हता, आणि तिलाही नाही. तिचा तो अधांतरी हात बघवेना. मी स्टूल ओढलं, भर उन्हात नेऊन टाकलं आणि पदर मागे सारून बसले.

"थांब माय," म्हटलं, "आधी घाम येऊ दे."