चूक की खूण

वसईजवळच्या गिरीज गावातल्या उन्नती चुरीला रविवारी सकाळी कुणी भेटायला गेलं, तर ओटीवर हमखास भांडण ऐकू यायचं. समोर बसलेली असायची जॉयस, तिची शाळेपासूनची मैत्रीण, चर्चहून परस्पर आलेली, अंगावर अजून मिस्साचे चांगले कपडे. भांडण एकाच गोष्टीवरून असायचं: तारणचा बाप कोण?

तारण म्हणजे ‘क्षारगड’चा नायक. अक्षदा सोनटक्के या लेखिकेची ही कादंबरीमाला. कल्पनेतलं समुद्राकाठचं राज्य, त्यातली राजघराणी, आरमारं, जुने शाप. पाच खंड आले होते, शेवटचा सहावा कित्येक वर्षं रखडला होता. तारण हे नावेत सापडलेलं मूल, एका नावाडणीने वाढवलेलं. त्याची आई राणी मृदा, हे तिसऱ्या खंडात उघड झालं. बापाचं नाव मात्र लेखिकेने पोटात ठेवलं होतं.

जॉयसचं म्हणणं सरळ होतं. ज्या हिवाळ्यात तारण पोटात आला, त्या हिवाळ्यात राणी उत्तरगडावर होती, आणि तहासाठी शत्रूचा राजपुत्र असित तिथे मुक्कामाला होता. तेव्हा बाप असित.

उन्नतीचा मात्र आरमारप्रमुख कोदंडवर जीव होता; तिच्या मते बाप तोच. दुसऱ्या खंडाप्रमाणे तो हिवाळाभर समुद्रावर असतो. पण चौथ्या खंडात तोच तारणला म्हणतो, “त्या हिवाळ्यात मी उत्तरगडावरच होतो.” या एका वाक्यावर उन्नतीने सगळा डोलारा उभा केला होता. ती एव्हरशाईन सिटीतल्या एका क्लासमध्ये भूगोल शिकवायची. कोदंड चोरून गडावर येऊन परत आरमारात कसा पोचला असेल, हे दाखवायला तिने वाऱ्यांचा आणि प्रवाहांचा नकाशाच काढला आणि वाचकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला.

“अगं, बाई विसरली,” जॉयस म्हणायची. ती वसईतल्या एका दवाखान्यात नर्स होती. “एवढं लिहिताना होते चूक. मी रोज पेशंटचे पेपर भरते, मला विचार.”

“चूक नाही, खूण आहे ती.”

‘चूक की खूण’ हा त्या दोघींचा परवलीचा शब्दच होऊन बसला होता.

उन्हाळ्याच्या शेवटी उन्नतीला प्रकाशनसंस्थेतून फोन आला. सहावा खंड लिहून झालाय, छापण्याआधी विसंगती शोधायला सगळे खंड तोंडपाठ असलेलं कुणीतरी हवंय, अक्षदाताईंनी ग्रुपवरचं तुमचं लिखाण पाहिलंय. अट एकच, पुस्तक येईपर्यंत कुणाला काही कळता कामा नये. उन्नती हो म्हणून बसली. जॉयसचा विचार फोन ठेवल्यावर आला.

मजकूर आला तो तिने क्लासच्या रिकाम्या वर्गात, दोन बॅचच्या मधल्या वेळात वाचायला घेतला. निम्म्याच्या पुढे एक प्रकरण होतं. असित कैदेत पडलाय आणि तारण त्याला मृत्युदंड सुनावायला आलाय. म्हातारा असित त्याच्याकडे बघतो, ओळखतो, आणि एक शब्द न बोलता दगडी बाकावर सरकून त्याला बसायला जागा करतो. तारण बसतो. एवढंच. बाप असित होता.

मुलं वर्गात आली तेव्हा उन्नती खिडकीशी उभी होती. त्या दिवशी तिला मान्सून शिकवायचा होता. शिकवलं काय, ते तिलाही आठवेना.

तिने विसंगती काढून पाठवल्या. मेलेला घोडा पुन्हा धावत होता. तारणचे घारे डोळे मधेच काळे झाले होते. शेवटी तिने कोदंडच्या त्या वाक्याबद्दल विचारलं. दुसऱ्याच दिवशी खुद्द अक्षदाताईंचा फोन आला.

“ते वाक्य चुकून गेलं हो. चौथा खंड लिहिताना आमच्या ह्यांचं आजारपण चालू होतं. कोदंड समुद्रावर आहे हे डोक्यातूनच गेलं.”

“म्हणजे त्यात काहीच नव्हतं?”

“काहीच नव्हतं,” ताई म्हणाल्या. “पण तुमचा तो नकाशा मी पाहिला. माझ्या कोदंडपेक्षा तुमचा पक्का आहे. मी आता थकलेय, उन्नती. तुम्हाला वाटत असेल तर बाप कोदंडच करू. दोन प्रकरणं बदलावी लागतील. विचार करून सांगा.”

त्यानंतर उन्नतीचा पाय एका जागी ठरेना. क्लासला निघायची आणि अर्ध्या वाटेवरून काहीतरी विसरलं म्हणून परत यायची. वाडीत केळींना पाणी द्यायला गेली की एकाच आळ्यात पुन्हा पुन्हा नळी सोडायची. “त्या झाडाला बुडवतेस का आता?” तिची आई लीला वैतागून म्हणाली. उन्नतीने नळी हलवली आणि थोड्या वेळाने परत तिथेच नेली. आपण म्हणू ते खरं होणार होतं. हजारो वाचकांसमोर, कायमचं. आणि जॉयस चुकीची ठरणार होती.

रविवारी जॉयस आली, नेहमीसारखी असितची बाजू लढवू लागली. उन्नती चहाच्या निमित्ताने आत गेली ती बाहेर येईना.

“आज भांडत का नाहीस गं?” जॉयसने आत डोकावून विचारलं.

“डोकं दुखतंय.”

जॉयसने सवयीने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. “ताप नाहीये,” ती म्हणाली. उन्नतीला तिच्याकडे बघवेना.

त्या आठवड्यात तिने कैदेचं प्रकरण पुन्हा वाचलं, असितच्या जागी कोदंडला बसवून. जमेना. कोदंडने तारणला लहानपणापासून हाताशी धरलं होतं. त्याने बाकावर जागा करून देण्यात नवल ते काय? असितने सरकणं वेगळं होतं. आणि पहिल्यांदा ते वाचताना आपण कोदंडला पार विसरलो होतो, हेही तिला कबूल करावं लागलं.

तिने फोन लावला. “ताई, असितच राहू द्या.”

“बरं. मग चौथ्या खंडातलं ते वाक्य पुढच्या आवृत्तीत काढून टाकते.”

“काढू नका,” उन्नती म्हणाली. हे तिने ठरवलं नव्हतं; बोलता बोलता आलं. “कोदंड खोटं बोलला असं करा. तारण आपला असावा, असं त्याला वाटत होतं. समुद्रावर होता हे अख्ख्या आरमाराला माहीत होतं, तरी बोलला.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

“हे मला सुचायला हवं होतं,” ताई म्हणाल्या. त्या खूश झाल्या की दुखावल्या, ते उन्नतीला कळलं नाही.

दिवाळीच्या सुमाराला पुस्तक आलं. जॉयसने ड्युटी सांभाळून ते भराभर संपवलं आणि भर दुपारी युनिफॉर्मवरच उन्नतीकडे आली. डोळे सुजले होते. कोदंड आपलं खोटं कबूल करतो त्या पानावर ती रडली होती. जिंकल्याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हता. तिने पुस्तकाचं आभाराचं पान उघडून पुढे धरलं. तिथे उन्नतीचं नाव होतं.

“हे कधीपासून?”

“पावसाच्या आधीपासून. सांगायचं नाही असं कबूल केलं होतं.”

“नको सांगूस ना. पण दर रविवारी मी इथे बसून बडबडत होते, तेव्हा तुला मी वेड्यासारखी दिसत असेन.”

उन्नती काही बोलायच्या आत ती निघून गेली. पुढचे रविवार ओटी रिकामीच राहिली.

ग्रुपवर मात्र धुमाळी उडाली. कोदंडचं खोटं लेखिकेने पहिल्यापासून योजलं होतं, याचे पुरावे लोक दुसऱ्या-तिसऱ्या खंडातून काढू लागले. जॉयसने तिथे एवढंच लिहिलं, “चौथ्यातलं ते वाक्य ही चूकच होती. खूण नंतर केली.” सगळे तिच्यावर तुटून पडले. उन्नतीने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुसलं. मग चप्पल घालून तडक तिच्या घरी गेली.

जॉयस युनिफॉर्मला इस्त्री करत होती. बस म्हणाली नाही.

“तू लिहिलंस ते बरोबर आहे,” उन्नती म्हणाली. “चूकच होती. बाप असितच होता, आधीपासून.”

“माहितीये मला.”

“कोदंड खोटं बोलला, हे मी सुचवलं.”

जॉयसची इस्त्री थांबली. “तू?” तिने उन्नतीकडे नीट पाहिलं. “म्हणजे हरलीस, तरी त्याला सोडलं नाहीस.”

“नाही सोडवला.”

“मी चिडलेली आहे अजून.”

“चिड.”

जॉयसने ही गोष्ट ग्रुपवर टाकली नाही. ती पुन्हा येऊ लागली, दर रविवारी नाही, पण येऊ लागली. प्रकाशनसंस्थेने दुसरं एक हस्तलिखित पाठवू का विचारलं, तेव्हा उन्नतीने नकार दिला. छापून आल्यावर सगळ्यांबरोबर वाचेन म्हणाली. तरी मधूनच ती दुसरा खंड काढते, कोदंड समुद्रावर असलेला तो हिवाळा वाचायला घेते, आणि दोन पानं होतात न होतात तोच, तो खरंच गडावर येऊन गेला असता तर, या विचाराने उठून वाडीत फेऱ्या मारू लागते.